सांधा नसलेला पट्टा

ती गाडी रस्त्याच्या कोणत्या बाजूला, कोणत्या बाभळीखाली उभी होती, ते मी आजही डोळे मिटून दाखवू शकेन. नोकरीत याहून मोठे गुन्हे पाहिले. पण कुणी "एखादी केस सांगा" म्हटलं की मला हीच आठवते. चोरी एका बाईंच्या सोन्याची झाली होती, आणि त्या बाईंनी वाचवलं मला. म्हणून ही आठवण सांगताना मी तपासाची फुशारकी मारणार नाही. हे आभाराचं लेखन समजावं.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. जळगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावरच्या एका ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो. आमच्या ठाण्याचं निम्मं काम रस्त्याचं. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी उघडावी, तर रात्रीत कुठे ट्रक कलंडलेला, कुठे बैलगाडीला धडक बसलेली. त्यामुळे एका दुपारी हायवेवरून निरोप आला तेव्हा मला आधी अपघातच वाटला.

जागेवर गेलो तर अपघात नव्हता. पारोळ्याच्या अलीकडे एका नाल्याच्या पुलाजवळ एक जुनी गाडी बॉनेट उघडून उभी होती. बाजूला दगडावर पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या आणि गाडीवाल्याच्या हाताला आपला रुमाल बांधत होत्या. बाई धुळ्याकडच्या एका दवाखान्यात परिचारिका. सगळे त्यांना अक्का म्हणत. एकुलत्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आयुष्यभर रात्रपाळ्या करून जमवलेल्या पैशांतून जळगावला सोनं घेतलं होतं आणि नेहमीच्या ओळखीच्या भाड्याच्या गाडीने त्या परत निघाल्या होत्या.

अक्कांनी फिर्याद सांगितली ती अशी. गाडी वेगात असताना खाडकन आवाज झाला, खडखड झाली आणि इंजिन बंद पडलं. गाडीवाल्याने गाडी कडेला घेतली, दोन-तीनदा स्टार्टर मारला, मग बॉनेट उघडून आत वाकला. तेवढ्यात मागून मोटारसायकलवर दोघं आले. तोंडाला रुमाल. एकाने "काय झालं हो, हात लावू का?" असं विचारलं, दुसऱ्याने खिडकीतून हात घालून अक्कांच्या मांडीवरची पिशवी ओढली. मोटारसायकल धुळ्याच्या दिशेने गेली.

"आणि हा काय करत होता?" मी गाडीवाल्याकडे बघत विचारलं.

"इंजिनात हात घालून होता. माझं ओरडणं ऐकून दचकला आणि हात भाजून घेतला," अक्का म्हणाल्या.

"मागे धावला नाही?"

"मोटारसायकलच्या मागे? साहेब, तुम्ही धावला असता?"

मी वहीत लिहीत राहिलो. पण माझ्या मनात खूण झाली होती: धावला नाही.

घटनास्थळाचा पंचनामा झाला, जबरी चोरीचा गुन्हा दाखल झाला, नाकाबंदी लागली. गाडी ओढून धुळ्याच्या एका गॅरेजात नेली. मोटारसायकल काही मिळाली नाही.

मग खबर आली. जळगावात सोन्याच्या दुकानांसमोर एकाची पानाची टपरी होती. तो आमचा जुना खबऱ्या. त्याच्या दोन-तीन खबरा पूर्वी खऱ्या निघाल्या होत्या. त्याने निरोप धाडून मला बोलावून घेतलं आणि पानाला कात लावत म्हणाला, "साहेब, चोर मागं नका शोधू, पुढं शोधा. गाडीवाल्यानंच त्या पोरांना नाल्याचा पूल सांगून ठेवला होता. तिथं गाडी बंद पडणार हे ठरलेलं होतं."

"तुला कोणी सांगितलं?"

"टपरीवर काय काय कानावर येतं. नाव विचारू नका, धंदा बसेल माझा."

मला पटलं. खरं सांगायचं तर ते मला आधीच पटलेलं होतं. टपरीवाल्याने फक्त दुजोरा दिला.

मी हवालदारांना घेऊन थेट गॅरेजात गेलो. हवालदार निवृत्तीला आलेले होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. मिस्तरीने इंजिनच्या पुढचं झाकण काढून ठेवलं होतं. त्या काळी जुन्या पेट्रोल गाड्यांमध्ये परदेशातून आलेलं वापरलेलं डिझेल इंजिन बसवायची लाट होती. भाड्याचा धंदा करणाऱ्यांना ते परवडायचं. या गाडीत तसंच इंजिन होतं. त्याला आतून साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टा असतो. खालचा दांडा फिरला की तो पट्टा वरचा दांडा फिरवतो आणि त्याच्या तालावर व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. मिस्तरी याला टायमिंगचा पट्टा म्हणत होता.

तो पट्टा कोपऱ्यात पडला होता. मी उचलला आणि माझा संशय संपला. पट्टा एका ठिकाणी सरळ, स्वच्छ कापलेला होता.

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी जामनेर तालुक्यातल्या एका गावचा. घरची पिठाची गिरणी. शाळेतून आलो की आबांच्या हाताखाली काम. गिरणीचा पट्टा तुटला की त्याची टोकं कशी दिसतात, सूत कसं पिंजारलेलं असतं, हे मला लहानपणापासून पाठ. तुटलेला पट्टा दाढीवाला असतो, असं आबा म्हणायचे. हा पट्टा गुळगुळीत दाढी केल्यासारखा होता. म्हणजे कापलेला.

पट्ट्यावर आणखी एक गोष्ट होती. कापलेल्या जागेपासून दूर, वीतभर लांबीत त्याला दातेच नव्हते. ते मी पाहिलं. दोन पंच बोलावून पंचनाम्यात लिहूनही घेतलं: "पट्ट्याच्या सांध्याजवळील वीतभर भाग गुळगुळीत." गिरणीच्या पट्ट्याला सांधा असतोच. दोन टोकं शिवून किंवा क्लिपा मारून जोडतात. त्यामुळे या पट्ट्यालाही सांधा असणार आणि गुळगुळीत भाग तोच असणार, याबद्दल मला शंका आली नाही. नानांना आली नाही, पंचांनाही नाही. पंचांतल्या एकाची डाळमिल होती. तो तर म्हणाला, "बरोबर शे साहेब, सांधा असाच ऱ्हास," म्हणजे असाच असतो.

मी मिस्तरीकडे वळलो. "हा पट्टा कोणी कापला?"

मिस्तरी एरवी तोंडाळ माणूस. येणाऱ्या प्रत्येक गाडीला आणि गाडीवाल्याला नावं ठेवायचा. पण त्याने आमच्या वर्दीकडे पाहिलं आणि म्हणाला, "मला नाही माहीत साहेब. असाच होता."

"तू नाही कापलास?"

"नाही साहेब. आईची शप्पत."

झालं. मिस्तरीने नाही कापला, तर गाडीवाल्याने कापला.

गाडीवाल्याला मी धुळ्याच्या टॅक्सी स्टँडवरून उचललं. भरदुपारी, सगळ्यांच्या देखत. त्याचे भाऊबंद, त्याचे सोबती, समोरचा चहावाला, सगळे बघत होते. जीपच्या मागच्या बाकावर त्याला बसवलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "घरी सांगू का साहेब?" मी म्हणालो, "आम्ही सांगू." हे वाक्य मला पुढे फार जड गेलं.

न्यायालयाने पोलीस कोठडी दिली. चौकशी मी स्वतः केली. मी त्याच्यावर हात टाकला नाही. पण मारलं नाही म्हणजे छळ झाला नाही, असं मी आता म्हणणार नाही. एकच प्रश्न शंभर प्रकारे विचारत राहणं हेही काही कमी नसतं.

"पट्टा कशाने कापलास?"

"मी नही कापा साहेब. गाडी आपेआप बंद पडनी."

"आपोआप? बरोबर पुलाजवळ? बरोबर सोनं असताना?"

"मन्ही गाडी शे साहेब. मन्हं पोट शे तिच्यावर. मी कशाले कापसू?"

"पट्ट्याला काय लागतं? नवा टाकला की गाडी चालू."

त्याला इंजिनचं फारसं कळत नव्हतं. गाडी चालवणं त्याला येत होतं, इतकंच. मीही इंजिनबद्दल अडाणीच होतो, फक्त मला ते माहीत नव्हतं.

कोठडीची मुदत संपत आली तेव्हा एका सकाळी तो भिंतीला टेकून बसला होता. हाताची जखम चिघळली होती. माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, तुम्ही म्हनतस तसं लिखी ल्या. माले आते काही सुधरत नही."

नाना कागद काढायला लागले. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी मला बरं वाटलं. आता हा त्या दोन पोरांची नावं देईल, सोनं मिळेल, वरिष्ठ खूश होतील. मी खुर्ची ओढून बसलो. तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आला. "साहेब, फिर्यादी बाई आल्यात. जात नाहीत."

अक्का पांढऱ्या साडीत, ड्युटीवरूनच आल्या होत्या. खांद्याला पिशवी, त्यात मलमपट्टीचं सामान. मला वाटलं सोन्याची चौकशी करायला आल्या. मी म्हणालो, "अक्का, तुमचं सोनं आलंच समजा. गाडीवाला कबूल झालाय."

"काय कबूल झाला?"

मी कपाटातून पट्टा काढून दाखवला. त्यांनी तो हातात घेतला नाही.

"मला यातलं कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण मी त्या गाडीत होते. आवाज मी ऐकलाय. आधी खाडकन झालं, खडखडलं, मग गाडी बंद पडली. कापलेली गाडी आधी खडखडते का?"

"ते नाटक असू शकतं."

"गाडीचं?"

बाहेर बसलेला शिपाई हसला. मी त्याच्याकडे रागाने बघितलं.

अक्का बसल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "भाऊ, मी दवाखान्यात आयुष्य काढलं. एखादं माणूस अचानक गेलं तर तुम्हीच आमच्याकडे पत्र घेऊन येता. म्हणता, शवविच्छेदन करा, कशाने गेला ते लिहून द्या, त्याशिवाय आम्ही कुणाला हात लावणार नाही. मग गाडी कशाने गेली, ते उघडून कुणी बघितलं?"

मी पट्टा परत कपाटात ठेवला.

"सोनं माझं गेलंय," त्या पुढे म्हणाल्या. "पोरीचं लग्न तोंडावर आहे. तुमच्यापेक्षा घाई मला आहे. पण दुसऱ्याच्या पोराला आत टाकून माझी पोर नांदायला जाणार असेल, तर मला ते सोनं नको. आता तेवढी त्याची पट्टी बदलू द्या."

त्यांनी पट्टी बदलली. मी दारात उभा राहून बघत होतो. नानांनी कागद परत घडी घालून ठेवला. त्यांनाही काही सांगावं लागलं नाही.

त्याच दिवशी मी परिवहन कार्यालयातल्या मोटार वाहन निरीक्षकांना पत्र दिलं. अपघातातल्या गाड्या आम्ही त्यांच्याकडून तपासून घ्यायचोच. इथे अपघात नाही म्हणून मला ते सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते गॅरेजात आले. दोन नवे पंच बोलावले. मिस्तरीने इंजिनचं वरचं डोकं, म्हणजे हेड, उतरवलं आणि एक एक व्हॉल्व्ह काढून फडक्यावर ठेवला.

निरीक्षकांनी एक व्हॉल्व्ह उचलला आणि मिस्तरीच्या टेबलावरच्या काचेवर लोळवला. सरळ दांडी असती तर तो सुरळीत घरंगळला असता. हा लंगडत गेला. दुसरा लंगडला. तिसरा तर फिरेचना.

"वाकलेत," निरीक्षक म्हणाले. "खाली बघा, पिस्टनच्या डोक्यावर चंद्रकोरीसारखे ठसे उमटलेत. पट्ट्याने दगा दिला तेव्हा इंजिन जोरात फिरत होतं. व्हॉल्व्ह उघडे राहिले आणि खालून पिस्टन येऊन आदळले. तुमच्या बाईंनी ऐकला तो हाच आवाज. बंद गाडीचा पट्टा कापला असता तर एकही व्हॉल्व्ह वाकला नसता."

"आणि चालू गाडीत कापला असता तर?"

"चालू इंजिनात, बंद झाकणाच्या आत, स्टिअरिंगवर बसून?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तसा हात मला तरी माहीत नाही."

मी पट्टा पुढे केला. "पण हा कापलेला आहे. आणि हा इथे सांधा..."

"याला सांधा नसतो," ते म्हणाले. "हा अखंड असतो. तुम्ही दाखवताय तिथले दाते उडालेत. तिथेच गाडी मेली."

मी त्या गुळगुळीत वीतभर जागेवर बोट फिरवलं. ती आठवडाभर माझ्या कपाटात होती. मी स्वतः तिचं वर्णन लिहून घेतलं होतं, आणि नाव चुकीचं दिलं होतं.

पण काप उरलाच होता. मी मिस्तरीकडे बघितलं. पुन्हा "कोणी कापला" हे शब्द तोंडाशी आले होते. ते गिळले. शेजारी तसंच इंजिन असलेली दुसरी एक गाडी पट्टा बदलायला उभी होती. मी म्हणालो, "मिस्तरी, त्याचा जुना पट्टा काढून दाखवा बरं. रोज काढता तसा."

मिस्तरीला कामाचं सांगितल्यावर बरं वाटलं. झाकण काढता काढता त्याने गाडीच्या मालकाला दोन शिव्या हासडल्या. मग हात मागे नेला, फळीवरची धारदार पाती उचलली, पट्ट्याला लावली आणि तिथेच थांबला. त्याच्या लक्षात आलं होतं.

"बोला," मी म्हणालो.

"साहेब, जुना पट्टा फेकायचाच असतो ना. ढिला करायचा, पुली दाबायची, कोण करत बसतं? कापला की आला हातात. दाते उडालेला असो का धड असो, आम्ही सगळे असाच काढतो."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलं?"

मिस्तरीने पाती खाली ठेवली. "साहेब, पोलीस 'कोणी केलं' म्हणाले की माणूस आधी 'मी नाही' म्हणतो. मग इचार करतो."

त्याच्यावर रागवायला माझ्याकडे तोंड नव्हतं. त्याचा पुरवणी जबाब घेतला आणि मी जीपमध्ये बसलो.

परतीच्या वाटेवर नाना म्हणाले, "साहेब, गाडी आपोआप बंद पडली असेल, तर कुठे पडणार हे गाडीलाच माहीत नव्हतं. मग पानवाल्याला कसं माहीत?"

हाच प्रश्न माझ्याही डोक्यात फिरत होता. पूल ठरलेला असणं शक्यच नव्हतं. म्हणजे खबर खोटी होती. आणि खोटी खबर कुणी फुकट देत नाही. चोरांनी गाडीचा माग जळगावपासूनच धरला असणार. गाडी बंद पडली म्हणून त्यांचं आयतं साधलं. नाहीतर त्यांनी धुळ्यात गाठलं असतं. आणि जळगावात सोन्याच्या दुकानातून कोण पिशवी घेऊन निघालं, हे दिवसभर बसून बघणारा माणूस कोण?

जीप जळगावला नेली. टपरीवर जाऊन मी पान मागितलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "त्या दिवशी त्या बाई दुकानातून निघाल्या तेव्हा तू टपरीवर होतास ना? कशी पिशवी होती रे?"

"निळी. पट्ट्याची," तो म्हणाला.

"आणि त्या पोरांची मोटारसायकल कुठे उभी होती?"

त्याचा कात लावणारा हात थांबला. या वेळी त्याने "मला माहीत नाही" म्हणायला फार वेळ लावला. तास-दोन तासांत सगळं बाहेर आलं. त्यातला एक पोरगा त्याच्या मेव्हण्याचा भाऊ. दोघं रावेरकडे केळीच्या गाड्या भरायच्या कामाला होते. टपरीवाला खुणावायचा, ते मागे लागायचे. गाडी रस्त्यात बंद पडल्याचं त्यांच्याकडून कळल्यावर गाडीवाल्यावर ढकलून देण्याची कल्पना त्याचीच. आम्हाला ती आवडेल, हेही त्याने ओळखलं होतं.

रावेरला दोघं हाती लागले, आणि तिथल्याच वखारीत केळीच्या घडांखाली अंथरायच्या वाळक्या पानांच्या ढिगात ती निळी पिशवी मिळाली. एक अंगठी सोडून सगळं जसंच्या तसं होतं.

गाडीवाल्याला सोडण्याचा अहवाल मी न्यायालयात स्वतः दिला. त्याला ठाण्याच्या दारातून जा म्हणून सांगणं मला जमेना. जिथून उचललं होतं त्याच स्टँडवर त्याला घेऊन गेलो. या वेळी जीपमध्ये पुढे बसवलं. सगळे जमले. मी म्हणालो, "याचा काही गुन्हा नाही. चूक आमची झाली." वर्दीत असताना हे वाक्य मी त्यापूर्वी कधी उच्चारलं नव्हतं. चहावाल्याने चहा पुढे केला. गाडीवाल्याने तो घेतला आणि आधी माझ्या हातात दिला.

न्यायालयाच्या आदेशाने सोनं सुपूर्तनाम्यावर, म्हणजे खटल्यात लागेल तेव्हा हजर करायच्या हमीवर, अक्कांना मिळालं, ते लग्नाच्या आधी. आमंत्रण द्यायला त्या स्वतः ठाण्यात आल्या. नानांना, शिपायाला, अंमलदाराला, सगळ्यांना नावानिशी. मी साध्या कपड्यांत धुळ्याला गेलो. पांढऱ्या कपड्यांतले वधू-वर, समोर बुद्धमूर्ती, वंदना झाली, सगळ्यांनी फुलं वाहिली. मुलीच्या गळ्यातला तो हार मी पंचनाम्यात वजनासह लिहिला होता. गळ्यात बघितला तेव्हा ओळखू आला नाही, इतका वेगळा दिसत होता.

मी मुदतीआधीच नोकरी सोडली. आता लोक विचारतात, तपास करायला काय लागतं? मी म्हणतो, आपल्याला जे पक्कं माहीत आहे त्याच्यावर आधी पहारा बसवा. मला गिरणीचा पट्टा माहीत होता, म्हणून मला हा पट्टा दिसला नाही. आणि माणसाला "कोणी केलं" विचारण्याआधी "कसं करतात" विचारा. पहिल्या प्रश्नाला माणूस दार लावून घेतो, दुसऱ्याला आत बोलावतो. हे मला प्रशिक्षणात कुणी शिकवलं नाही. एका परिचारिकेने शिकवलं, आणि तेही जिचं सगळं गेलं होतं अशा बाईने. नंतरच्या नोकरीत माझ्या हातून जी काही माणसं विनाकारण आत जायची वाचली असतील, ती सगळी अक्कांच्या नावावर आहेत.

लग्नाच्या दिवशी त्यांनी मला एसटीने परत जाऊ दिलं नाही. "गाडी आहे ना आपली," म्हणाल्या. दारात तीच गाडी उभी होती. इंजिनचं हेड, नवे व्हॉल्व्ह, नवा पट्टा, सगळं होऊन आलेली. गाडीवाल्याने मागचं दार उघडून धरलं.

"पुढे बसतो ना मी," मी म्हणालो.

"नही साहेब. त्या रोज मी मांगे बसना व्हतो. आज तुम्ही बसा," तो हसत म्हणाला, आणि मी मागे बसलो.

पारोळा मागे पडलं. नाल्याचा पूल ओलांडल्यावर त्याने वेग कमी केला, गाडी त्या बाभळीखाली घेतली आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"काय झालं?"

"काही नही साहेब." तो मागे वळला. "त्या रोज ती थांबनी व्हती. आज मी थांबाडी. एवढंच दावनं व्हतं."

मी मान हलवली. त्याने पुन्हा चावी फिरवली आणि इंजिन पहिल्याच फेऱ्यात सुरू झालं.